यादीत नलूचं नाव नव्हतं

परवा परळच्या इस्पितळात, मालिशच्या खोलीबाहेरच्या बाकड्यावर, माझ्या शेजारी एक बाई बसली होती. पंचवीस-सव्वीस वर्षांची असेल. मांडीवर तीन वर्षांचा मुलगा, पाय शालीत गुंडाळलेले. एवढ्या उकाड्यात शाल! मी विचारलं, "ताप आहे का त्याला?" तर इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली, "नाही हो. लोक बघतात ना." वर्षभरात पोराला इस्पितळाशिवाय कुठेही नेलेलं नाही, असंही म्हणाली.

मी तिला तिथंच झापलं. काय काय बोलले आता आठवत नाही, पण समोरची नर्स बाहेर डोकावून गेली. बाई रडायला लागली आणि मी तोंड फिरवून बसले. घरी येईपर्यंत मला माझीच लाज वाटली, कारण दोन वर्षं मी दुसरं काही केलं नव्हतं. तिचं नाव विचारायचं राहिलं, पत्ता ठाऊक नाही. म्हणून हे लिहितेय. मी म्युनिसिपालिटीच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलेली बाई. लिहायची सवय नाही आणि गोड बोलायची तर त्याहून नाही, तेव्हा सांभाळून घ्या.

*

माझी नलू पाच वर्षांची होती तेव्हा तिला ताप आला. तीन दिवस ताप, अंग दुखतंय म्हणून रडणं. आमच्या लालबागच्या गल्लीतले डॉक्टर म्हणाले, सर्दीचा ताप आहे. सासूबाईंनी मीठ-मोहरीने दृष्ट काढली. चौथ्या दिवशी सकाळी ताप उतरला म्हणून मी हरखले, तिला म्हटलं, "ऊठ, चूळ भर." ती उठली आणि मोरीपाशी पोचायच्या आत खाली बसली. मला वाटलं लाडात आलीय. मी ओरडले, "नाटकं करू नकोस." तीन दिवसांच्या तापातून उठलेल्या पोरीला मी असं ओरडले. डावा पाय उचलतच नव्हता.

चाळीत सगळ्यांनी लगेच सांगून टाकलं, वारं गेलं. इस्पितळात पोलिओ म्हणाले. मोठे डॉक्टर बोलत होते ते माझ्या नवऱ्याशी. पोरगी माझ्या कडेवर, तिचा पाय माझ्या कमरेशी लोंबतोय, आणि डॉक्टर माझ्या डोक्यावरून त्यांच्याशी बोलतायत. पाय पूर्वीसारखा होणार नाही, म्हणाले. मग पहिल्यांदा माझ्याकडे बघून विचारलं, "आणखी मुलं आहेत ना?"

"नाही," मी म्हटलं.

"होतील," ते म्हणाले.

चांगल्या मनाने म्हणाले, हे मला आजही कळतं. पण माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. भांडं फुटलंय का माझं, दुसरं आणा म्हणायला? तेव्हा हे मनातच राहिलं. त्या एका शब्दाचा राग मी पुढे दोन वर्षं भलभलत्या माणसांवर काढला.

*

इस्पितळात नलू साडेतीन महिने होती. आईला वॉर्डात थांबायची परवानगी नाही. भेटायची वेळ चार ते सहा. सहाची घंटा झाली की वॉर्डातली सगळी पोरं एकदम रडायला लागायची आणि आम्ही बाया जिन्यात उभ्या राहून ते ऐकायचो. नलूचे दोन्ही पाय फळीला बांधलेले, वाकडे होऊ नयेत म्हणून. गरम पाण्यातून काढून पिळलेल्या ब्लँकेटच्या पट्ट्या पायावर ठेवायचे, त्या ओल्या लोकरीचा वास तिच्या केसांनाही यायचा.

तिथं एक आया होती, सखूबाई. पहिल्या आठवड्यात नलू दूध पीत नव्हती तर "हट्टी आहे" असं तिच्या कागदावर लिहून ठेवलं होतं. सखूबाईंनी बघितलं की पोरगी सायीला घाबरते. दुसऱ्या दिवसापासून त्या बोटाने साय काढून स्वतः खायच्या आणि मग पेला पुढे करायच्या. माझं भलं कुणी केलं म्हणून विचाराल तर मी या बाईचं नाव सांगेन.

घरी आलो ते लोखंडी पट्ट्यांचा बूट घेऊन. मांडीपासून टाचेपर्यंत दोन पट्ट्या, चामड्याचे चार पट्टे, खाली जड बूट. तो घातला की नलूचा पाय गुडघ्यात वाकत नाही, लाकडासारखा सरळ राहतो, पण ती उभी राहते. भिंतीला धरून चालते. खाट, खट, खाट, खट.

*

पहिल्याच आठवड्यात गॅलरीत चाळीतली पोरं तिच्यामागून तशीच चालायला लागली. एक पाय ताठ करून, खाट-खट असा तोंडाने आवाज काढत. दुष्टपणा नव्हता त्यात, पोरं ती पोरंच. नलूही हसत होती. मला नाही सहन झालं. मी तिला बखोटीला धरून आत ओढली आणि दार लावून घेतलं.

सासूबाई म्हणाल्या, "बरा केलंस. दार लावनच ठेव. लोकांची नजर वायट." त्या मूळच्या मालवणकडच्या, मुंबईत चाळीस वर्षं काढली तरी बोलणं तेच आहे.

तेव्हापासून आमचं दार बंद. आता गिरणगावातल्या चाळीत दिवसा बंद दार म्हणजे काय, हे बाहेरच्यांना ठाऊक नसेल. आमच्याकडे दारं उघडीच असतात. दिवसा दार बंद असलं तर त्याचा अर्थ एकच, रातपाळीवरून आलेला माणूस आत झोपलाय. मग त्या दारावर कुणी कडी वाजवत नाही. पोरं तिथून आवाज न करता जातात, भांडणारी माणसंसुद्धा दोन खोल्या पुढे जाऊन भांडतात. हा कायदा कुणी लिहिलेला नाही, पण मोडलेला मी बघितला नाही. मी दार लावलं आणि तो कायदा आमच्या खोलीला लागू झाला. दोन वर्षांत आमच्या दारावर चाळीतल्या कुणी थाप मारली नाही.

मी मात्र मनात म्हणायचे, बघा, माझी पोरगी लंगडी झाली तर एक जण फिरकत नाही. आणि आतल्या आत जळायचे.

*

नाताळच्या सुट्टीत दादरला मैदानावर आनंदमेळा भरतो. आमच्या चाळीचं मंडळ दरवर्षी सगळ्या पोरांना ट्रामने घेऊन जातं. मंडळाचे सेक्रेटरी परबभाऊ आठवडाभर आधी वही घेऊन खोल्याखोल्यांतून फिरतात आणि पोरांची नावं लिहून घेतात. पोरांना ती वही दिसली की अंगात येतं.

गेल्या नाताळात नलू खिडकीच्या गजांना धरून उभी होती. बाहेर पोरांचा गलका चाललेला. त्या दिवसांत प्रत्येक पोराच्या तोंडी संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणा. पुढचा ओरडणार, मागचे "झालाच पाहिजे!" म्हणणार. नलूही आतून ओरडायची, आणि खोलीत तिच्या मागे बोलायला कोण, तर आमच्या सासूबाई. त्या दिवशी ती खिडकीतून खच्चून ओरडली, "नलूला मेळ्याला!" आणि मागे वळून आजीकडे बघायला लागली. सासूबाई काही बोलेनात. तर स्वतःच ओरडली, "नेलंच पाहिजे!"

मी हसले. मग ती मला म्हणाली, "आई, परबकाका आपल्याकडे का येत नाहीत? मला चाळीबरोबर जायचंय. आकाशपाळण्यात बसायचंय."

मी म्हटलं, "आपण जाऊ. मी नेते."

"तुझ्याबरोबर नाही. चाळीबरोबर."

मी तशीच उठले. पदर खोचला आणि परबभाऊंच्या दारात जाऊन उभी राहिले. ते जेवत होते. मी विचारलं, "वहीत माझ्या नलूचं नाव का नाही? गेल्या वर्षी नव्हतं, यंदा नाही. ती चाळीतली नाही का?"

परबभाऊंचा घास हातातच राहिला. "वहिनी, दार बंद होतं तुमचं. बंद दारावर आपल्याकडे कुणी कडी वाजवतं का?"

हे खरं होतं. पण मग माझं डोकं पुन्हा फिरलं. "माझा नवरा दिवसपाळीला जातो. सकाळी तुमच्याच बरोबर गिरणीत जातो, भाऊ. दोन वर्षं दिवसा कोण झोपलंय असं वाटलं तुम्हाला?"

परबवहिनी चुलीपाशी खाली मान घालून भाकरी थापत राहिल्या. सगळ्या चाळीला ठाऊक होतं की आत कुणी झोपलेलं नाही. माझं बंद दार त्यांना सोयीचं होतं आणि त्यांचं न येणं मला सोयीचं होतं. हे कळायला मला त्यांच्या उंबऱ्यात उभं राहावं लागलं.

परबभाऊंनी उष्टा हात तसाच ठेवून दुसऱ्या हाताने वही ओढली आणि नाव लिहिलं. डाव्या हाताने लिहिलं म्हणून वाकडं आलं. मी वाचून बघितल्याशिवाय हलले नाही.

*

नाव लिहिणं सोपं हो. पुढचं काम माझं होतं. दुसऱ्या दिवशी नलूला सासूबाईंकडे सोपवून मी एकटीच दादरला गेले आणि मेळा बघून आले. हे मी माझ्यासारख्या प्रत्येक आईला सांगेन: आधी एकटीने जाऊन या. ट्रामपासून मैदानाच्या फाटकापर्यंत किती चालावं लागतं, वाटेत टेकायला कट्टा आहे का, जमीन खडबडीत आहे की सपाट, बायकांचा संडास कुठे आहे, हे सगळं डोळ्यांनी बघा. लोकांना विचारू नका. लोक "काही लांब नाही" असं सांगतात, त्यांचे दोन्ही पाय चालतात.

आकाशपाळणा लाकडी होता. चार पेट्या, आणि दोन माणसं हाताने फिरवणारी. त्यातल्या म्हाताऱ्याला मी सांगितलं, माझी पोरगी अशी अशी आहे, पायात लोखंड आहे. त्याने बिडी कानामागे ठेवली आणि म्हणाला, "ले आओ बाई. बच्ची है, बैठेगी. हम पकड के रखेगा." त्याला काही विशेष वाटलंच नाही. मी परत येताना ट्राममध्ये रडले. कुणी चांगलं वागलं की मला आधी रडू येतं आणि मग इतरांचा राग येतो.

ठरलं असं की रविवारी चाळीबरोबर जायचं, आणि नलूचे बाबा तिला उचलून घेतील. ते हो म्हणाले होते. रविवार मेळ्याचा शेवटचा दिवस.

शनिवारी संध्याकाळी कळलं, रविवारी संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा आहे. गिरणगावातले सगळे पुरुष जाणार. परबभाऊ स्वतःहून आमच्याकडे आले आणि म्हणाले, "वहिनी, उद्या पोरांना घेऊन फक्त बायका जातायत. नलूला उचलणार कोण? तिला पुढच्या वर्षी नक्की नेऊ."

"पुढच्या वर्षी ती मोठी होईल भाऊ, हलकी नाही होणार," मी म्हटलं.

ते गेल्यावर मी नवऱ्याकडे बघितलं. ते कोपऱ्यात झेंड्याची काठी तासत होते. मला कळायचं ते कळलं. मग जी जुंपली! मी म्हटलं, "तुम्हाला मुंबई पाहिजे, घ्या. मला तुमचे दोन तास पाहिजेत, ते नाहीत?" ते म्हणाले, हे काही घरचं काम नाही, लोक गोळ्या खाऊन मेलेत. मी म्हटलं, मला ठाऊक आहे कोण मेलं ते, आपल्याच गल्लीतून प्रेतयात्रा गेली, मीही रडले होते. पण मोर्चात हजार माणसं आहेत आणि नलूला बाप एक आहे.

तेव्हा त्यांनी काठी खाली ठेवली. "मला बघवत नाही गं," म्हणाले. "लोक तिच्याकडे बघतात ते. मोर्चात काठी खाईन, पण ते नाही बघवत."

लग्नाच्या इतक्या वर्षांत हा माणूस माझ्याशी एवढं खरं बोलला नव्हता. मला दया यायला हवी होती. नाही आली. मी म्हटलं, "मला बघवतं का?" ते रविवारी सकाळी चहा न घेताच निघून गेले.

मी नलूला बूट चढवत होते. मागून सासूबाई म्हणाल्या, "तो गेलो तर जावंदे. नलू माझा पण चेडू आसा. थांब, लुगडा बदलतंय." दार लावून ठेव म्हणणारी ही बाई, साठी उलटलेली, गुडघे दुखणारी. मी त्यांच्याकडे बघतच राहिले. "बघतंस काय?" म्हणाल्या. "पाण्याचो तांब्यो घे."

*

ट्राममध्ये बारा बायका, तीस पोरं. नलूचा पाय वाकत नाही, तो मधल्या वाटेत आडवा. कंडक्टर म्हणाला, "ओ बाई, पोरीचा पाय आत घ्या." मी म्हटलं, "वाकत नाही तो." सगळी ट्राम वळून बघायला लागली. मी एकेकाच्या डोळ्यांत बघितलं, तो मान खाली घालेपर्यंत. दादर येईपर्यंत माझं तेवढंच काम.

मैदानात आम्ही दोघी सासवासुनांनी आळीपाळीने तिला उचललं, थोडं ती चालली. पाळण्यापाशी ही मोठी रांग. आमचा नंबर आला. म्हाताऱ्याने मला ओळखलं, पेटी खाली आणून छातीशी दाबून धरली. नलूला आत बसवलं. आणि पुढची आडवी कडी लागेना. ताठ पाय बाहेर आला होता, हातभर.

एवढं बघून गेले, संडास बघितला, कट्टे बघितले, आणि हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं!

"जूता निकालना पडेगा," म्हातारा म्हणाला.

रांगेतून ओरडा सुरू झाला, लवकर करा, लवकर करा. बूट काढायचा म्हणजे पाय उघडा करायचा. तो पाय काठीसारखा बारीक झालेला. दोन वर्षांत तो घराबाहेर कुणी बघितला नव्हता. गावाकडचे पाहुणे आले तरी मी वर चादर टाकत असे. मी नलूला म्हटलं, "बाळा, राहू दे. आपण घोड्यांचं चक्र बघू."

नलू स्वतः वाकली आणि वरचा पट्टा सोडायला लागली. तिला बक्कल निघेना. तेवढ्यात परबांची शोभा, जी गॅलरीत तिची नक्कल करायची, रांगेतून पुढे आली आणि खालचे पट्टे सोडायला बसली. या पोरीने तिचं चालणं इतकं नीट बघितलं होतं की कुठला पट्टा कुठे आहे ते तिला माझ्याएवढंच ठाऊक होतं. बूट निघाला. मी पदर काढून त्या पायावर टाकायला गेले.

"आई, नको ना," नलू म्हणाली, "पदर अडकेल."

कडी लागली. शोभा तिच्या शेजारी बसली. पाळणा वर गेला. मी खाली, दोन्ही हातांत तो लोखंडी बूट घेऊन उभी. मागची एक बाई म्हणाली, "अगंबाई, बिचारी." मी गर्रकन वळून म्हटलं, "बिचारी कोण? वर बघा, तुमच्या डोक्यावर बसलीय ती!" सासूबाईंनी माझा दंड धरला नसता तर त्या बाईचं काही खरं नव्हतं.

वरून नलू किंचाळत होती. भीतीने की आनंदाने, मला कळेना. पेटी खाली आली तेव्हा तिच्या केसांची रिबन सुटलेली, तोंड लाल झालेलं. शोभा उतरली. नलू उतरेना. माझ्याकडे बघून म्हणाली, "आई, एवढे दिवस मला का नाही आणलंस?"

रागावून नाही, सहज विचारलं. आणि मला, जिच्याकडे डॉक्टरांसाठी, परबभाऊंसाठी, नवऱ्यासाठी, सगळ्या जगासाठी उत्तर तयार असतं, त्या मला एक शब्द सुचेना. लोक हसतील म्हणून? कुणी हसलं नव्हतं. वेळ नव्हता म्हणून? शेवटी जे होतं ते म्हटलं.

"मी घाबरले होते गं."

तिने माझ्याकडे नीट बघून घेतलं. मग त्या बारीक पायासकट सरकून बाजूला जागा केली.

"मग चल, बस," म्हणाली. "मी धरते तुला."